दगड पोचेल तिथवर

आमच्या ऑफिसात माहितीपत्रकं ठाण्याहून इंग्रजीत तयार होऊन येतात आणि त्यांचं मराठी मी करते. माझ्या नेमणुकीत हे काम नव्हतं. मला घेतलं होतं सातबारे, फेरफार आणि मोजणीचे नकाशे नीट लावून ठेवायला. पण प्लॉट विकणारं छोटं ऑफिस, शहापुरात हायवेलगतचा एक गाळा, आम्ही तिघंचौघं, आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिणारी मी एकटी. ते काम आपोआप माझ्याकडे सरकलं आणि मीही नाही म्हटलं नाही.

मागचा पावसाळा संपता संपता शेठनी एक नवीन पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं.

"संध्याकाळपर्यंत होईल ना, मॅडम? जरा गोड लिहा. डोंबिवली-मुलुंडचं पब्लिक आहे, रिटायरवालं."

चार पानांच्या त्या पत्रकात 'अ स्टोन्स थ्रो' हे शब्द सहा वेळा होते. स्टेशन स्टोन्स थ्रो, हायवे स्टोन्स थ्रो, नदी, बाजार, मुरबाड, आणि शेवटी शेजारपाजारसुद्धा स्टोन्स थ्रो. दगड फेकला तर पोचेल इतकं जवळ. अर्थ मला ठाऊक होता. शाळेत हा वाक्प्रचार शिकवला होता आणि वाक्यात उपयोगही करून घेतला होता. 'आमची शाळा घरापासून दगडाच्या टप्प्यात आहे,' असं मी इंग्रजीत लिहिलं होतं आणि बाईंनी बरोबरची खूण केली होती. आमची शाळा दोन टेकड्यांपलीकडे होती.

"शेठ, स्टेशन तिथून गाडीने तासभर आहे."

"ट्रॅफिक नसेल तर पाऊण."

"पाऊण तास उडत जाईल असा दगड कोणाकडे आहे?"

"मॅडम, ती बोलायची पद्धत असते. तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका, टाइम नाही."

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं. हे खर्डीच्या शाळेत गणित शिकवतात, पण इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले की तेही ह्यांच्याच गळ्यात पडतं. लसूण सोलता सोलता ते म्हणाले, "वाक्प्रचार मोजायचा नसतो. ज्याला विकायचं असतं तो म्हणतो जवळ आहे, ज्याला जायचं नसतं तो म्हणतो लांब आहे. त्यात इंग्रजीचा काय दोष?"

ते खरंच होतं. तरी तो दगड माझ्या डोक्यातून जाईना. दगड फेकणाऱ्याला पलीकडे कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. फेकला, पडला, संपलं. आपण मराठीत जवळ म्हणायचं तर 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. त्याला दोन माणसं लागतात. तिकडून ओ आली नाही तर हाक वाया गेली, अंतर कितीही कमी असलं तरी. मी काही एरवी शब्दांत अशी अडकून बसणारी बाई नाही. पण पत्रकातली जमीन माझ्या माहेरची होती. आमची नव्हे, आमच्या समोरची. तिचे कागद मीच लावले होते.

शहापूरहून सापगावचा पूल ओलांडून, शेणव्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचा पाडा लागतो. पाडा म्हणायचा, पण घरं एकमेकांना चिकटून नाहीत. ज्याने त्याने आपापल्या भातखाचरांच्या कडेला घर बांधलेलं. आमचं घर ओहळाच्या अलीकडे चढावर, समोर ओहळाच्या पलीकडे काकीचं घर. काकी नात्याची नव्हे. आईच्या पाठोपाठच्या वर्षी लग्न होऊन आलेली, म्हणून काकी. बाकीची घरं खाली वळणाच्या पलीकडे, तिथवर आवाज पोचत नाही.

या दोघींची एक रीत होती. सकाळी चूल पेटली की आई अंगणाच्या टोकाला जायची आणि तोंडाशी हात धरून ओरडायची, "कूऽऽ". पलीकडून काकी, "ओऽऽ". जी आधी उठेल तिची कू, दुसरीची ओ. बस. त्यात बोलायचं नाही. 'काय करतेस', 'झोप झाली का' असलं काही नाही. लहानपणी मी एकदा आईच्या मागे उभी राहून "काकीऽऽ, बोरं पिकली काऽऽ" असं ओरडले तर पाठीत धपाटा बसला होता. हाक ही फक्त आहे-नाही कळण्यापुरती. ओ नाही आली तर हातातलं टाकून ओहळ ओलांडायचा आणि जाऊन बघायचं. अशी आई तीनदा गेली होती. त्यातल्या एकदा काकी तापाने फणफणून पडली होती आणि तिला डोलीतून खाली न्यावं लागलं होतं. बाबा गेले त्या सकाळी आईने हाक मारलीच नाही. काकीने मारली, तिला ओ मिळाली नाही. चुलीवरचं दूध तसंच सोडून काकी आली होती.

बाबा गेल्यापासून मी आईला शहापूरला ये म्हणत होते. मला भाऊ नाही, माझा मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच, एक खोली रिकामी. आई पंचाहत्तरीला आलेली. प्रत्येक वेळी ती एकच सांगायची, "माझ्या हाकेला ओ देणारं माणूस नसलं ना, का त्या दिवशी येते. तवर बोलू नको."

तर पत्रकाचं मराठी करताना मी स्टेशन, हायवे, नदी, बाजार आणि मुरबाड यांच्यापुढे गाडीने लागणारी खरी मिनिटं लिहिली. शेठनी ती पाचही ठिकाणं लाल पेनाने खोडून 'अगदी जवळ' केलं. सहाव्या ठिकाणी मी लिहिलं होतं, 'शेजार हाकेच्या अंतरावर'. ते वाचून शेठ म्हणाले, "हे भारी आहे मॅडम, हे राहू दे." सगळ्या पत्रकात तेवढं एक वाक्य खरं होतं आणि त्यातला शेजार म्हणजे माझी आई.

काकीच्या मुलांनी जमीन विकली यात काही वावगं नव्हतं. दोघंही मुरबाडला कारखान्यात, शेती करणार कोण? काकी या वर्षीचं भात घरात येईपर्यंत थांबली. झोडणी झाली आणि टेम्पो आला. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. वाटलं होतं दोघी रडतील, आपल्याला सावरावं लागेल. तसलं काही झालं नाही.

"जाते गो," काकी म्हणाली.

"जा."

"कोंबड्या ठेव तुज्याकडं. तिकडं तिसऱ्या माल्यावं खुराडं कुठं बांधू?"

"ती लाल कोंबडी चोरटी हाय. अंडी भायेर घालते."

"तुज्यासारकीच हाय. सांबाळ."

टेम्पो गेला. आई कोंबड्या मोजत बसली. मी म्हटलं, "आता चल. तूच म्हणाली होतीस."

"म्हणाली होती."

"मग?"

"मंग तू दे ओ. तू काय परकी हायेस?"

मी दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या बटणांचा फोन आणून दिला. हिरवं बटण कोणतं, लाल कोणतं, चार्जिंगला कसा लावायचा, सगळं तीनदा करून घेतलं. रोज सकाळी सहाला मी फोन करणार. "ही माझी हाक समज," मी म्हणाले. तिला ते लगेच पटलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आईला कुठलीच गोष्ट लगेच पटत नाही.

पहिल्या सकाळी सहाला फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केला आणि हे अंथरुणातून म्हणाले, "विहिरीवर गेली असेल." मी स्कूटर काढली. धुकं इतकं की सापगावच्या पुलावर समोरची एसटी अंगावर आल्यावर दिसली.  

आई अंगण झाडत होती.

"काय गो, आज सुट्टी हाय?"

"फोन का नाही उचललास?"

"उचलायचा कशाला? वाजला ना. आयकला मी."

"अगं मग उत्तर नको द्यायला?"

"दिली की ओ. चांगली तीनदा दिली." तिने केरसुणीने दिशा दाखवली. शेणव्याच्या बाजूला, म्हणजे माझ्याच बाजूला, अंगणाच्या टोकाला जाऊन तिने ओ दिली होती. "घसा सुकला माजा. तू परत परत हाका मारतेस. एकदा ओ दिल्यावं परत हाक मारतात का कोनी?"

"मला ऐकू येणार आहे का इथून शहापूरला?"

"तुजी मला आली ना?"

मी पायरीवर बसले. तिने चहा टाकला. तिच्या बाजूने विचार केला तर तिचं काही चुकलं नव्हतं. हाक आली, ओ दिली, हाकेत बोलायचं नसतं. चूक माझी होती. मी एक वाजणारी वस्तू तिच्या घरात टाकली होती आणि तिला हाक म्हटलं होतं. तीच दगडाची गोष्ट.

मग नियम ठरला. फोन उचलायचा, कानाला लावायचा, 'ओ' म्हणायचं, ठेवायचा. दोन दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी रेंज नव्हती. पाचव्या दिवशी चार्जिंग संपलेलं. आठव्या दिवशी फोन तांदळाच्या डब्यात होता, कारण लाल कोंबडीने त्याला चोच मारली होती. पहिल्या पंधरा दिवसांत चार वेळा मी स्कूटर घेऊन धावले आणि चारही वेळा आई ठणठणीत. ऑफिसात शेठ हजेरीच्या वहीकडे बघून नुसते खाकरायचे. मला पहाटे साडेचारलाच जाग यायला लागली. सहा वाजेपर्यंत काय करायचं म्हणून मी डबे घासले, कपाटं आवरली, ह्यांचे सगळे शर्ट पुन्हा इस्त्री केले. ह्यांनी एक दिवस म्हटलं, "तुला बसता येत नाही का?" खरंच येत नव्हतं. बसलं की ओहळ दिसायचा आणि पलीकडचं बंद घर.

दोन महिने असे काढल्यावर शेवटी एका गुरुवारी मी निकराने सांगून आले, रविवारी तुला नेणार. भांडण होईल अशी तयारी ठेवली होती. आई म्हणाली, "तुजी ओ आज येते, उद्या नाय. असली ओ काय कामाची? चल, येते."  तिने एक पिशवी भरून दारामागे ठेवलीसुद्धा.

शनिवारी काकीच्या घराची जागा घेतलेलं जोडपं येणार होतं. मुलुंडचे, दोघंही नोकरीतून निवृत्त. त्यांनी नवीन बंगला न बांधता काकीचं घरच दुरुस्त करून घेतलं होतं, कौलं नवीन, संडास-बाथरूम आत, भिंतींना रंग. नकाशातली हद्द दाखवायला शेठनी मला पाठवलं. साहेबांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, ते झाडाखाली खुर्ची टाकून बसले. बाई माझ्याबरोबर बांधावरून चालत होत्या. पायांत शहरी सँडल, हातात आमचं पत्रक. घडी पडून पडून मऊ झालेलं.

"मॅडम, एक विचारू? स्टेशन वगैरे जाऊ दे, ते आम्ही येतानाच बघितलं. पण हे शेजाराचं. आहे ना शेजार? ह्यांचं असं झाल्यावर मी एवढंच बघितलं हो. बाकी सगळ्यांनी स्विमिंग पूल लिहिलाय. तुम्हीच एकट्यांनी शेजार लिहिलाय."

मी ओहळापलीकडे बोट केलं. "ते घर."

"कोण असतं तिथे?"

"माझी आई."

"अय्या," त्या म्हणाल्या आणि एकदम मोकळं हसल्या. "मग काय प्रश्नच नाही!"

त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं की ती उद्या जाणार आहे. मी सांगितलं नाही. कागद झाले होते, व्यवहार पुरा झाला होता, मी सांगितलं असतं तर ऑफिसचं काही बिघडणार नव्हतं.  त्या म्हणाल्या मला भेटायचंय त्यांना, आणि मी त्यांना ओहळातल्या दगडांवरून पलीकडे घेऊन गेले.

आई दारात वाल निवडत होती. बाईंनी वाकून नमस्कार केला. "आजी, मी समोर राहायला आलेय. तुम्ही इथेच असता ना कायम?"

आईने माझ्याकडे बघितलं. दारामागे तिची पिशवी होती, तिचे बंद मला दिसत होते.

"हितंच की," आई म्हणाली. "मी कुठं जानार?"

मग तिने बाईंना पाणी दिलं आणि रीत सांगितली. कू आली की ओ, ओ नाय आली की येऊन बघायचं, मधे बोलायचं नाय. बाईंना ते फार आवडलं. "शिकवा ना," म्हणाल्या. आईने त्यांना अंगणाच्या टोकाला उभं केलं.

"मार हाक."

"कू," बाई म्हणाल्या.

"ही काय हाक? मांजराला बोलावतेस का?"

"आजी, आमच्या बिल्डिंगमध्ये मोठ्याने बोललं तर सोसायटीचं पत्र येतं हो."

"हितं पत्र कोन आननार? पोस्टमन शेणव्याच्या पुडं येत नाय. पोटातनं मार."

चौथ्या खेपेला जरा बरी आली. पलीकडे झाडाखाली साहेब दचकून उभे राहिले. बाई हसून हसून खाली बसल्या. मी वाल उचलून आत ठेवायला गेले.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "हे काय केलंस? उद्या यायचंय ना?"

"येते की. ते शनवार-रयवारचे येनार, तीच बोलली मगाशी. तवा मी हितं. सोमवारी तू ने, शुक्रवारी आनून सोड. त्यांना कशाला सांगायचं? हाक मारतील तवा ओ भेटली म्हंजे झालं."

शेठला ऐकवावा असा हिशेब होता. गिऱ्हाईक येईल तेव्हा माल हजर. आणि मी, जी दगडाच्या एका शब्दावरून शेठशी वाद घालत होते, ती हो म्हणाले. मला माझी पहाटेची झोप परत हवी होती.

अशी आई शहापुरात आली, पाच दिवसांपुरती. कोंबड्या खालच्या वळणावरच्या घरी ठेवल्या. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, समोरचं दार आमच्या दारापासून चार पावलांवर. पहिल्याच सकाळी सहाला आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली पाण्याचा टँकर लागलेला. ती काही ओरडली नाही, नुसती उभी राहिली आणि आत आली.

"समोर कोन ऱ्हातं?"

"आहेत दोघं, नोकरीवाले."

"उटतात कदी?"

"मला काय माहीत?"

"मेले तर कळेल का तुला?"

"आई, सकाळी सकाळी हे काय?"

"इचारते आपली. दगड मारायलापन जागा नाय एवडं जवळ हाय दार."

दगडाचं मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने सहज म्हटलं आणि चहाचा कप घेऊन बसली. दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. हे म्हणाले, "आता कळलं तुझं कुठून आलंय." शुक्रवारी दुपारपासून पिशवी मांडीवर घेऊन ती दाराशी बसायची, मी ऑफिसातून येईपर्यंत. शनिवार-रविवार समोरून कू यायची, ही ओ द्यायची. सोमवारी मी तिला आणायची. असे चार आठवडे गेले. मला झोप लागायला लागली होती, पण बरं वाटत होतं असं म्हणता येणार नाही. बाई मला अधूनमधून फोनवर लिहायच्या, 'आजी आहेत म्हणून निर्धास्त वाटतं.' मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवायची आणि फोन पालथा ठेवायची.

पाचव्या आठवड्यात बुधवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. बाई होत्या. धाप लागलेली.

"मॅडम, आजी ओ देत नाहीयेत! मी पाच-सहा हाका मारल्या. मग आले बघायला. दाराला कुलूप आहे. मागे विहिरीपाशीपण बघितलं. मी ओहळात पडले, ते जाऊ दे, थोडं खरचटलंय. पण आजी कुठे आहेत? ह्यांना एकटं सोडून आलेय मी तिकडे."

आई समोर भाकरी खात बसली होती, बाईंचा चढलेला आवाज तिलाही ऐकू जात होता.

"आई इथे आहे," मी म्हणाले. "शहापूरला. ठीक आहे ती."

"आजच आल्यात का?"

खोटं बोलणं सोपं होतं. आजच आली, डॉक्टरला दाखवायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

"नाही. सोमवार ते शुक्रवार ती माझ्याकडेच असते. तुम्ही येता तेवढ्यापुरती मी तिला तिथे आणून सोडते."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आत्ता मी ओरडत होते तेव्हा इथे कोणीच नव्हतं."

"नाही."

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि जन्मात पहिल्यांदा फोनवर 'ओ' सोडून काही बोलली. "बुदवारी कशी आलीस गो तू? सांगायचं नाय का? लागलंय किती? हळद लाव. मी येते."

फोन मला परत देऊन ती उठली. उरलेली भाकरी फडक्यात बांधली, पिशवी घेतली आणि चपला घातल्या. मी ह्यांना सांगितलं ऑफिसला कळवा, उशीर होईल. वाटेत आई मागे बसून एकच वाक्य म्हणाली, सापगावच्या पुलावर. "ती आली का नाय बघायला?"

"आली," मी म्हणाले.

"पयल्याच खेपेला आली. काकी पयल्या वर्षी नव्हती आली. मला म्हनली, मला वाटलं घसा बसलाय तुजा."

आम्ही पोचलो तेव्हा बाई आमच्याच पायरीवर बसल्या होत्या. गुडघ्याशी सलवार फाटलेली, ढोपर सोललेलं. साहेब शेजारी उभे. तेही ओहळ ओलांडून आले होते, डॉक्टरांनी चढू नका सांगितलेलं असताना. माझ्याकडे बघून बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं होतं म्हणून आम्ही आलो होतो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आईने कुलूप उघडलं, हळद आणली, त्यांच्या ढोपराला थापली. बाईंनी ओठ दाबून धरले.

"रागवायचं तर मला रागव," आई म्हणाली. "मी बोलली तिला, सांगू नको. आता तू सांग, बुदवारी कशी आलीस?"

"मुलुंडचं घर भाड्याने दिलं आम्ही. काल रात्रीच सामान आणलं. आता इथेच राहणार." त्यांनी नाक पुसलं. "तेच सांगायला हाक मारली होती. म्हटलं आजींना आश्चर्य वाटेल."

"हाकेत सांगायचं नसतं," आई म्हणाली.

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत, पण चहाला थांबल्या. मी चूल पेटवायला गेले तर आईने मला बाजूला केलं. तिने पिशवीतलं लुगडं काढून दांडीवर टाकलं, भाकरी शिंक्यावर ठेवली आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. "ही तुजी. घिऊन जा. कोंबड्या खालनं घिऊन येते मी दुपारी. तू नीघ, तुला टाइम होईल."

दुसऱ्या दिवशी सहाला मी फोन केला. मी करतेच. तिने उचलला. 'ओ' म्हणाली नाही.

"थांब," म्हणाली. "आदी तिकडची."

फोन तिने बंद न करता कुठेतरी फळीवर ठेवला असावा. मला तिची पावलं ऐकू आली, कोंबडी ओरडली, मग लांबून तिची कू. त्यानंतर काहीच नाही. मी स्वयंपाकघरात उभी, एका हातात डबा, फोन कानाला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग अगदी बारीक, रेंज तुटत असल्यासारखी, एक ओ आली. सोसायटीचं पत्र येण्याइतकी मोठी नव्हती. आईला मात्र पोचली असावी, कारण ती परत येऊन फोनमध्ये म्हणाली, "आता तुजी." मी म्हणाले, "कू." ती म्हणाली, "ओ." आणि फोन ठेवला.

मी डबा भरला. त्या दिवशी ऑफिसला वेळेवर गेले.